खुब्याच्या कृत्रिम सांध्यातलं ‘लायनर’ : झीज दिसत नाही, दुखत नाही, पण हाड पोखरते

धरणगावातल्या एका घरातली ही गोष्ट. घरातल्या खाला चौदा वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात त्यांचा सांधा बदलण्यात आला. त्यानंतर सगळं उत्तम होतं. घरकाम, बाजार, लग्नकार्य, नातवंडांच्या मागे धावणं, कशातच खंड पडला नाही. अल्हम्दुलिल्लाह म्हणत सगळ्यांनी ऑपरेशनचा विषय मनातून काढून टाकला. फाईल कुठं गेली, ते कोणालाच आठवत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात खालांना जांघेत थोडं दुखायला लागलं. जळगावला एक्सरे काढला. डॉक्टरांनी तो प्रकाशासमोर धरला आणि वाटीच्या वरच्या बाजूला एक काळसर पोकळी दाखवली. तिथलं हाड नाहीसं झालं होतं. मग त्यांनी विचारलं, “आत कोणत्या कंपनीचा सांधा आहे? लायनर कोणतं आहे?” घरचे एकमेकांकडे पाहत राहिले. सून म्हणाली, “सर, आम्हाला तर फक्त ‘स्टीलचा गोळा बसवला’ एवढंच माहीत आहे.”

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत हीच स्थिती आहे. ऑपरेशनला लाखभर किंवा त्याहून जास्त रुपये लागतात, पण शरीरात नेमकं काय बसवलं हे घरात कोणाला सांगता येत नाही. म्हणून हा लेख. लायनर म्हणजे काय, ते झिजतं कसं, त्या झिजेमुळे हाड का जातं, आणि आपण काय विचारायचं, काय जपून ठेवायचं, हे आम्ही साध्या भाषेत मांडत आहोत.

सांध्यात चार भाग असतात

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. कंबरेच्या हाडात वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा. पूर्ण सांधा बदलतात तेव्हा साधारण चार भाग बसवतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा जातो. दांड्याच्या टोकावर गोळा बसतो. कंबरेच्या हाडात धातूची वाटी ठोकून बसवतात. आणि त्या वाटीच्या आत एक अस्तर बसतं. हे अस्तर म्हणजेच लायनर.

दांडा आणि वाटी हाडाला घट्ट धरून राहतात, त्यांनी हलायचं नसतं. हालचाल होते ती गोळा आणि लायनर यांच्यामध्ये. पाण्याच्या मोटारीतला बुश किंवा मोटारसायकलच्या चाकातलं बेअरिंग जे काम करतं, तेच काम लायनर करतं. फरक इतकाच की बेअरिंग झिजलं तर मेकॅनिक शंभर रुपयांत नवीन टाकून देतो. इथं त्यासाठी माणसाला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं.

लायनर मुख्यतः तीन प्रकारचं असतं : प्लास्टिकचं, सिरॅमिकचं आणि धातूचं. यातलं प्लास्टिक म्हणजे बादलीचं प्लास्टिक नव्हे. ते अतिशय लांब साखळ्यांचं खास पॉलिएथिलीन असतं. जगात आजही सर्वांत जास्त वापर याच पॉलिएथिलीनचा होतो.

झिजेचा चुरा आणि हाडाची पोकळी

माणूस चालतो तेव्हा एका पायावर वर्षाला साधारण दहा लाख पावलं पडतात. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या काही पट भार घेऊन गोळा लायनरवर घासतो. जुन्या प्रकारच्या पॉलिएथिलीनमध्ये गोळा वर्षाला सुमारे ०.१ मिलीमीटर आत सरकतो. ऐकायला हे काहीच नाही, कागदाच्या जाडीएवढं.

पण हिशोब करून पाहा. गोळ्याचा व्यास २८ मिलीमीटर असेल, तर ०.१ मिलीमीटर झिजेतून वर्षाला सुमारे ६० घन मिलीमीटर प्लास्टिक निघतं. गोळा ३६ मिलीमीटरचा असेल, तर तेवढ्याच खोलीच्या झिजेतून सुमारे १०० घन मिलीमीटर निघतं. हे सगळं सुटतं ते अतिबारीक चुऱ्याच्या रूपात. बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात, म्हणजे डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. एका पावलात असे लाखो कण सुटू शकतात.

खरी अडचण इथून सुरू होते. शरीरात सफाईचं काम करणाऱ्या पेशी असतात. जंतू दिसले की त्या गिळून पचवतात. प्लास्टिकचे हे कणही त्या जंतू समजून गिळतात. पण प्लास्टिक पचत नाही. पेशी चिडतात, मदतीसाठी रासायनिक इशारे सोडतात, आणखी पेशी गोळा होतात. हे इशारे हाड खाणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात. निरोगी माणसात जुनं हाड काढणाऱ्या आणि नवं हाड भरणाऱ्या पेशींचा तोल असतो. इथं काढणाऱ्या पेशींचं पारडं जड होतं. सांध्याभोवतीचं हाड हळूहळू विरघळतं आणि त्याजागी मऊ पेशीजाल उरतं. डॉक्टर याला ‘ऑस्टिओलायसिस’ म्हणतात.

म्हणजे हाड काही प्लास्टिक घासल्यानं झिजत नाही. प्लास्टिकच्या चुऱ्याला आपलंच शरीर जे उत्तर देतं, त्यात हाड जातं. त्यामुळे चुरा किती निघतो, यावर बरंचसं अवलंबून असतं. वर्षाला ०.०५ मिलीमीटरपेक्षा कमी झीज असेल तर अशी पोकळी क्वचितच दिसते. ०.१ च्या वर गेली की धोका वाढत जातो. एकेकाळी याचा दोष सांधा चिकटवणाऱ्या सिमेंटला दिला जात होता. पण सिमेंट न वापरलेल्या सांध्यांतही पोकळ्या दिसू लागल्या, तेव्हा लक्ष लायनरकडे गेलं.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ही पोकळी वाढत असताना बहुतेक वेळा दुखत नाही. वाटी सैल झाली, हाडाला चीर गेली किंवा आजूबाजूला सूज आली की मग दुखतं. तोवर बरंच हाड गेलेलं असू शकतं. खालांचं असंच झालं.

मागाच्या गिअरमधून आलेलं प्लास्टिक

आजच्या खुब्याच्या सांध्याची सुरुवात इंग्लंडच्या लँकेशायरमधली. तिथल्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये सर जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. १९५८ च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. अतिशय गुळगुळीत, म्हणून सांध्याला योग्य, असा विचार होता. सुमारे ३०० रुग्णांना हे सांधे बसवले. सुरुवातीला रुग्ण खूश होते. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या आणि चुऱ्यामुळे आत सूज व गाठी झाल्या. चार्नलींना त्याच रुग्णांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली.

मग १९६२ मध्ये प्लास्टिकच्या गिअरचा एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत आला. ते गिअर लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या मागांसाठी वापरात येत होते. चार्नलींना फारसा रस नव्हता. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस चाललं तरी टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही हे प्लास्टिक झिजलं नव्हतं. तेच पॉलिएथिलीन. चार्नलींनी टेफ्लॉन आणि हे प्लास्टिक आपल्याच मांडीत टोचून घेऊन शरीर काय उत्तर देतं तेही पाहिलं. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी ते रुग्णांत वापरायला घेतलं.

अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, याच लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या खान्देशातूनही कापूस जात होता. आज धुळे आणि मालेगावातली कितीतरी घरं पॉवरलूमवर चालतात. मागाला काय पोसवतं आणि कशाने तो थांबतो, हे त्यांना सांगायला नको. गिअर गुळगुळीत असून चालत नाही, तो टिकला पाहिजे. चार्नलींना हा धडा ३०० रुग्णांच्या त्रासातून मिळाला.

एकच प्लास्टिक, वेगळी प्रक्रिया

पुढची तीसेक वर्षं पॉलिएथिलीन वापरात राहिलं, पण त्यातही एक छुपी खोट होती. लायनर निर्जंतुक करण्यासाठी त्यावर गॅमा किरण सोडत. पाकिटात हवा असे. किरणांनी प्लास्टिकच्या साखळ्या तुटत आणि हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या टोकांना चिकटे. पाकीट कपाटात पडून राहिलं तरी आतलं प्लास्टिक जुनं, ठिसूळ होत जाई. असं लायनर शरीरात गेलं की ते जास्त झिजे, कधी तडकेही. हे कळल्यावर हवेऐवजी दुसऱ्या वायूत किंवा निर्वातात पॅकिंग करायला सुरुवात झाली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस याच किरणांचा उलटा उपयोग करण्यात आला. किरणांचा डोस वाढवला की प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात तशा एकमेकींना आडव्याही जोडल्या जातात. सुटे धागे आणि विणलेलं कापड यांत जो फरक, तसा हा फरक. मग प्लास्टिक तापवून उरलेली तुटकी टोकं शांत करतात. याला ‘क्रॉसलिंक्ड’ पॉलिएथिलीन म्हणतात. याची झीज जुन्या प्लास्टिकच्या मानाने खूपच कमी आहे. बऱ्याच अभ्यासांत ती ८० ते ९० टक्क्यांनी घटलेली दिसली. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तिथल्या आकड्यांत दीर्घ काळानंतर क्रॉसलिंक्ड लायनरवाल्यांना पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जुन्या प्रकाराच्या जवळपास निम्मं दिसतं.

पण फायद्याबरोबर थोडा तोटाही आला. जास्त क्रॉसलिंक केलेलं प्लास्टिक झिजायला कणखर, पण वाकताना-ताणताना थोडं कमकुवत असतं. लायनर फार पातळ असेल किंवा वाटी चुकीच्या कोनात बसली असेल तर त्याचा काठ तडकू शकतो. २००७ च्या सुमारास प्लास्टिकमध्ये ई जीवनसत्त्व मिसळण्याची पद्धत आली. ते ऑक्सिजनच्या हल्ल्यापासून प्लास्टिकला वाचवतं, त्यामुळे ते पूर्ण वितळवावं लागत नाही आणि ताकदही टिकते.

थोडक्यात, “प्लास्टिकचं लायनर” एवढं सांगून भागत नाही. जुन्या प्रकारचं, क्रॉसलिंक्ड की ई जीवनसत्त्व असलेलं, हे विचारावं लागतं. डोळ्यांना तिन्ही सारखीच पांढरी दिसतात.

सिरॅमिक : सर्वांत कमी झीज, पण फुटण्याची भीती

फ्रान्सचे पिएर बुटाँ यांनी १९७० मध्ये सिरॅमिकवर सिरॅमिक असा सांधा वापरला. सिरॅमिक म्हणजे आपल्या कपबशीच्या कुळातला, पण कितीतरी कठीण पदार्थ. त्यावर ओरखडे सहसा पडत नाहीत, झीज अगदी नगण्य असते, आणि जो थोडा चुरा निघतो त्याला शरीर फारसं चिडत नाही. म्हणून हाडात पोकळी होण्याचा धोका इथं खूप कमी असतो.

उणीव दोन. काही रुग्णांच्या सांध्यातून चालताना दारासारखा करकर आवाज येतो. आणि सिरॅमिक फुटू शकतं. जुन्या सिरॅमिकमध्ये हे जास्त व्हायचं. २००० नंतर आलेल्या सुधारित, मिश्र सिरॅमिकमध्ये गोळा फुटण्याचं प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे. पण फुटलंच तर काचेसारखे तुकडे सांध्यात पसरतात आणि दुसरं ऑपरेशन अवघड होतं.

इथं एक जुना प्रसंग सांगण्यासारखा आहे. २००१ मध्ये एका फ्रेंच कारखान्याचे झिर्कोनिया सिरॅमिकचे गोळे बाजारातून परत घ्यावे लागले. पदार्थ तोच होता. भाजण्याची भट्टी बदलली होती, आणि त्या भट्टीतून आलेले गोळे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फुटत होते. त्या वेळी ज्यांच्याकडे बॅच नंबर होता, त्यांनाच कळलं की आपला गोळा त्यातला आहे की नाही.

आज बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग निवडतात : गोळा सिरॅमिकचा आणि लायनर क्रॉसलिंक्ड प्लास्टिकचं. गोळा गुळगुळीत राहतो, लायनर फुटत नाही आणि झीजही कमी.

धातूवर धातू : महाराष्ट्रालाही बसलेला फटका

तिसरा प्रकार धातूवर धातू. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा आणि त्याच धातूची वाटी. प्लास्टिकच नाही, तर प्लास्टिकचा चुराही नाही. गोळा मोठा घेता येईल, सांधा निखळणार नाही, तरुणांना धावपळ करता येईल, असा युक्तिवाद होता. २००० नंतरच्या दशकात जगभर हे सांधे लाखो लोकांना बसवले गेले.

त्यातलाच एक होता ‘एएसआर’, जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डीप्यू कंपनीचा. त्याची वाटी एकसंध धातूची आणि उथळ होती, आत वेगळं लायनर नव्हतं. वाटी थोडी तिरपी बसली तरी गोळा तिच्या काठावर घासायचा. त्यातून धातूचा अतिबारीक चुरा निघायचा, आणि कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरायचे. प्लास्टिकच्या चुऱ्याने हाड जातं. इथं हाडाबरोबर आजूबाजूचे स्नायूही खराब व्हायचे, आत पाण्याच्या किंवा मांसाच्या गाठी व्हायच्या. रक्तात कोबाल्ट फार वाढलं तर हृदय, थायरॉईड, कान आणि डोळे यांवर परिणाम झाल्याच्याही नोंदी आहेत.

ब्रिटनच्या नोंदवहीत दिसलं की पाच वर्षांत शंभरातल्या १२-१३ जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा सांधा परत बोलावला. तोपर्यंत जगात सुमारे ९३,००० लोकांना तो बसला होता. भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती, त्यांत मुंबई आणि महाराष्ट्रातले रुग्णही होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याची चौकशी केली, पोलिसांत तक्रारही नोंदवली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि प्रत्येक बाधित रुग्णाला किमान २० लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पुढे वय आणि अपंगत्वाचं प्रमाण पाहून जास्त भरपाई ठरवण्याचं सूत्र सरकारने मंजूर केलं. मामला कोर्टातही गेला.

पण या अहवालातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. ४,७०० पैकी साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांचा पत्ताच लागला नाही. सांधा खराब आहे हे जगाला कळलं, भरपाई मंजूर झाली, पण ज्यांच्या शरीरात तो आहे त्यांना निरोप पोचवायला कोणाकडे नीट नोंदच नव्हती. रुग्णांकडे स्टिकर नव्हता, दवाखान्याकडे यादी नव्हती. त्यातले काही आपल्या खान्देशातल्या गावांतही असू शकतात. २००४ ते २०१० दरम्यान ज्यांच्या घरात कोणाचा खुबा बदलला आहे, त्यांनी कागद शोधून सांधा कोणता आहे ते एकदा नक्की तपासावं. धातूवर धातू सांधा असेल तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना भेटून रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासून घ्यावं. ब्रिटनच्या नियामकाने लिटरला ७ मायक्रोग्रॅमची पातळी सावध होण्याची खूण म्हणून सांगितली आहे.

तरुणांचा प्रश्न जास्त मोठा

खुबा बदलणं हे फक्त म्हाताऱ्यांचं ऑपरेशन, असं आपल्याला वाटतं. भारतात तसं नाही. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबून हाड मरण्याचा आजार, ज्याला एव्हीएन म्हणतात, तो तिशी-चाळिशीतल्या लोकांत बराच दिसतो. स्टेरॉईडचा जास्त वापर आणि दारू ही त्याची मोठी कारणं. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजारही एक कारण आहे. कोविडच्या उपचारात स्टेरॉईड घेतलेल्या रुग्णांतही एव्हीएन झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं.

सत्तरीतल्या माणसाला बसवलेलं लायनर पंधरा-वीस वर्षं टिकलं तर बहुधा पुरेसं होतं. पस्तिशीतल्या पॉवरलूम कामगाराला ते चाळीस वर्षं हवं असतं, आणि तो दिवसभर उभा राहून जास्त पावलं टाकतो. म्हणून तरुणांमध्ये कमी झिजणाऱ्या लायनरला महत्त्व आहे. चार-पाच हजार वाचवायला जुन्या प्रकारचं लायनर घेतलं, तर पंधरा वर्षांनी दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा महाग आणि अवघड होतं, कारण तेव्हा बसवायला हाडच कमी उरलेलं असतं.

मात्र सगळा दोष लायनरवर टाकता येत नाही. वाटी कोणत्या कोनात बसवली, गोळ्याचा आकार किती, यावरही झीज ठरते. उत्तम लायनर तिरप्या वाटीत लवकर खराब होतं. म्हणून अनुभवी सर्जन हा पहिला प्रश्न, लायनर हा दुसरा.

नमाज, वुजू आणि बसण्याच्या सवयी

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच : सांधा बदलल्यावर सजदा करता येईल का?

खुबा खूप वाकवला की दांड्याची मान लायनरच्या काठावर आपटते. एकदा-दोनदा नव्हे, दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं असं झालं तर काठ घासतो, तडकतो, आणि गोळा वाटीतून निसटण्याचा धोका असतो. सुरुवातीचे दीड ते तीन महिने स्नायू कच्चे असतात, तेव्हा हा धोका सर्वांत जास्त. म्हणून त्या काळात खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका असं बहुतेक डॉक्टर सांगतात. खाली उकिडवं बसून वुजू करणं, देशी संडास, मांडी घालून दस्तरख्वानवर जेवणं, हे सगळं त्यात येतं.

पुढे काय करता येईल, हे ऑपरेशन कोणत्या बाजूने केलं, वाटीचा कोन आणि गोळ्याचा आकार यांवर ठरतं. काही रुग्णांना डॉक्टर काही महिन्यांनी सजद्याची परवानगी देतात, काहींना कायम खुर्चीवरच नमाज पढायला सांगतात. जे उभं राहू किंवा वाकू शकत नाहीत त्यांना बसून नमाज अदा करण्याची सवलत शरीअतने दिलीच आहे. मसल्याविषयी शंका असेल तर आपल्या मशिदीतल्या इमाम साहेबांना विचारावं, आणि सांध्याविषयी डॉक्टरांना. “लोक काय म्हणतील” म्हणून वेदना सोसत सजदा करणारे बुजुर्ग आम्ही पाहिले आहेत. तसं करू नये.

हज किंवा उमराहला जाणाऱ्यांनी तवाफ आणि सईचं चालणं लक्षात घेऊन निघण्याआधी एक्सरे करून घ्यावा. विमानतळावर यंत्र वाजतं, म्हणून ऑपरेशनचं कार्ड सोबत ठेवावं.

कंपनीचं नाव कळल्याने काय होतं?

आता खालांच्या गोष्टीकडे येऊ. डॉक्टरांनी कंपनीचं नाव का विचारलं?

पोकळी झाली असली तरी धातूची बाहेरची वाटी हाडाला घट्ट धरून असेल, तर ती काढावी लागत नाही. फक्त झिजलेलं लायनर आणि गोळा बदलतात आणि पोकळीत हाडाचा चुरा भरतात. ऑपरेशन त्या मानाने लहान, रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो. पण लायनर वाटीत खटक्याने बसतं, आणि एका कंपनीचा खटका दुसऱ्या कंपनीच्या वाटीत बसत नाही. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलचाही बसेलच असं नाही. नाव, मॉडेल आणि वाटीचा आकार माहीत असेल तर तेच लायनर आधी मागवता येतं. माहीत नसेल तर नवं लायनर सिमेंटने चिकटवावं लागतं, नाहीतर घट्ट बसलेली चांगली वाटीही फोडून काढावी लागते, आणि तिच्याबरोबर उरलेलं हाडही निघतं.

खालांच्या घरच्यांनी आठवडाभर घर पालथं घातलं. शेवटी लोखंडी पेटीत, रेशनकार्ड आणि जुन्या निकाहनाम्याच्या खाली, डिस्चार्ज कार्ड सापडलं. मागच्या पानावर चार छोटे स्टिकर होते. शाई फिकी झाली होती, पण नंबर वाचता येत होते. डॉक्टरांनी त्यावरून लायनर मागवलं. वाटी शाबूत निघाली. आता खाला काठी घेऊन अंगणात फिरतात, नमाज खुर्चीवर पढतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, “तुझ्या अम्मीचा कागद कुठं आहे?”

घरच्यांनी हे करावं

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा : गोळा कशाचा, लायनर कशाचं, क्रॉसलिंक्ड आहे का, गोळ्याचा आकार किती, आणि हाच सांधा का निवडला. चांगला डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार असेल, तर योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्या.

ऑपरेशननंतर प्रत्येक भागाच्या पाकिटावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवले आहेत का, ते पाहा. नसतील तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यांचा फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पहिला एक्सरेही जपून ठेवा. पुढच्या एक्सरेशी तुलना करूनच गोळा किती आत सरकला ते मोजता येतं.

डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारण वर्षा-दोन वर्षांनी, न दुखताही एक्सरे काढा. दहा वर्षं झाली असतील तर टाळाटाळ करू नका. पोकळीची शंका आली तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात, कारण साध्या एक्सरेत पोकळी तिच्या खऱ्या आकारापेक्षा लहान दिसू शकते. जांघेत किंवा मांडीत नवं दुखणं, पाय आखूड झाल्यासारखं वाटणं, सांध्यातून आवाज, ताप किंवा सूज, यांपैकी काहीही झालं तर लगेच दाखवा. दुखण्याचं कारण झीज आहे की जंतूंचा संसर्ग, हे रक्त तपासून ठरवावं लागतं, मालिश करून नाही.

सांध्यात दोष आहे असं वाटलं तर तक्रार करता येते. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१५ पासून आपल्या देशात आहे, आणि तुमचे डॉक्टर तिथं कळवू शकतात.

येत्या जुम्म्याला घरी आल्यावर एक काम करा. घरात, खानदानात किंवा शेजारी कोणाचा खुबा बदललेला असेल तर त्यांची फाईल काढून स्टिकर शोधा. सापडला तर फोटो काढून ठेवा. नाही सापडला तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं जाऊन नोंद मागा. दुखायला लागण्याआधी हे झालेलं बरं.